दहापैकी दोन, दहापैकी दहा

२०१० च्या फेब्रुवारीत ‘डेडली प्रेमोनिशन’ हा जपानी व्हिडिओ गेम अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० या गेमयंत्रावर आला. गेमची समीक्षा करणाऱ्या संकेतस्थळांपैकी ‘आयजीएन’नं त्याला दहापैकी दोन गुण दिले आणि ‘डिस्ट्रक्टॉइड’नं दहापैकी दहा. समीक्षकांमध्ये सर्वाधिक मतभेद घडवणारा सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे भीतीच्या वातावरणात तग धरायच्या प्रकारातला, गेम म्हणून पुढे गिनीजनं त्याची नोंदही केली. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर सहा येते. सहा म्हणजे बरा, चालेल असा, वेळ असला तर खेळावा. पण हा गेम खेळून ‘बरा आहे’ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्यांना तो आवडत नाही ते तासाभरात कंट्रोलर खाली ठेवतात. ज्यांना आवडतो ते त्यातल्या ग्रीनव्हेल या गावाबद्दल आजोळाबद्दल बोलावं तसं बोलतात. सहा हा आकडा या दोघांपैकी कुणाचाच नाही.

मी दुसऱ्या गटातला आहे. बहुतेकांनी नाकारलेला गेम ज्याला मनापासून आवडतो, त्याचं म्हणणं हा त्या गेमबद्दलचा पुरावा असतो, असं माझं मत आहे. सरासरी काढली की तो पुरावा पुसला जातो. गेम ही करमणूक आहे, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण या आकड्यावर पैसे ठरतात, पुढे कोणते गेम बनणार हे ठरतं, आणि कोणते गेम वीस वर्षांनी खेळायला शिल्लक राहणार हेही बऱ्याच अंशी ठरतं.

आधी त्या गेमबद्दलच सांगतो. फ्रान्सिस यॉर्क मॉर्गन हा एफबीआयचा एजंट एका तरुणीच्या खुनाचा तपास करायला वॉशिंग्टन राज्यातल्या एका लहानशा गावात येतो. गेमविरुद्धच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या खऱ्या आहेत. ग्राफिक्स त्या काळाच्या मानानंही जुनाट. गोळीबार अवघडलेला आणि कंटाळवाणा. नकाशा इतका जवळून दिसतो की आपण गावात नेमके कुठे आहोत हेच समजत नाही. गंभीर बोलणं चाललेलं असताना मागे शिट्टीवरची आनंदी धून वाजत राहते. दोन गुण देणाऱ्यानं यातलं काहीही खोटं सांगितलेलं नाही.

पण गाडीचंच घ्या. गाव पसरलेलं, रस्ते लांब आणि रिकामे, गाडीचा वेग बेताचा, वर पेट्रोलही आपणच भरायचं. समीक्षणात हा दोष म्हणून नोंदवला जातो, आणि तो आहेच. मात्र याच लांब रस्त्यांवर यॉर्क बोलायला लागतो. शेजारच्या सीटवर कुणी नसतं. तो बोलतो झॅकशी, आणि झॅक आपल्याला कधीच दिसत नाही. जुने सिनेमे, त्यांचे दिग्दर्शक, कुठला सिनेमा कधी पाहिला, असलं काहीबाही तो सांगत राहतो. तपासाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण एकटा माणूस लांबच्या प्रवासात स्वतःला सोबत कशी करतो हे मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये इतकं खरं पाहिलेलं नाही. झॅक कोण हे कळायला शेवटापर्यंत जावं लागतं, आणि कळतं तेव्हा मागच्या त्या सगळ्या प्रवासांचा अर्थच बदलतो. आता रस्ते निम्मे करा, गाडी चपळ करा. तक्रार मिटेल, पण बोलायला वेळच उरणार नाही आणि झॅकही संपेल. दोष आणि गुण इथे एकाच मातीचे आहेत. समीक्षणाच्या तक्त्यात मात्र त्यांचे रकाने वेगवेगळे असतात: ग्राफिक्सला इतके, कंट्रोल्सना इतके, कथेला इतके.

यॉर्कची दाढी वाढते. सूट बदलला नाही तर त्याच्याभोवती माश्या घोंघावू लागतात. गावातल्या माणसांना स्वतःचा दिनक्रम आहे. ती कामावर जातात, घरी परततात, आणि आपण खिडकीतून डोकावून त्यांना पाहू शकतो. हॉटेलची म्हातारी मालकीण पॉली हिला कमी ऐकू येतं, तरी ती आणि यॉर्क नाश्त्याला लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसतात आणि संभाषणाचा पार विचका होतो. दिग्दर्शक हिदेताका सुएहिरो, ज्यांना गेमिंगच्या जगात स्वेरी म्हणतात, यांना हे गाव राहतं करायचं होतं आणि ते त्यांनी केलं. पैसा कमी पडल्याचं जागोजागी दिसतं, पण गाव कुठेही खोटं वाटत नाही. कित्येक पट खर्चून केलेल्या, शंभरपैकी ऐंशी-नव्वद गुण मिळवणाऱ्या गेममधल्या शहरांत शेकडो माणसं रस्त्यावर फिरत असतात आणि त्यातल्या एकाचंही नाव आपल्या लक्षात राहत नाही.

आता पैशांकडे वळतो, कारण हा प्रश्न सार्वजनिक होतो तो तिथेच.

मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ २००१ पासून वेगवेगळ्या समीक्षणांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा देतं. ७५ आणि वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. ही साधी सरासरी नसते. काही प्रकाशनांना जास्त वजन दिलेलं असतं, आणि कुणाला किती हे ते जाहीर करत नाहीत. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ऑब्सिडियन या कंपनीनं बनवलेला ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ आला. त्याचे लेखक-डिझायनर ख्रिस अ‍ॅव्हलोन यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं की करारात रॉयल्टी नव्हती. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तरच बोनस होता, आणि गेमला मिळाले ८४. सुरुवातीला त्यात बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, फार होत्या आणि समीक्षकांनी ते बरोबरच लिहिलं. पण आज त्या मालिकेतला सर्वोत्तम गेम कोणता असं विचारलं तर असंख्य खेळाडू न्यू व्हेगासचंच नाव घेतात. ज्यांनी तो बनवला त्यांच्या वाट्याचा पैसा एका गुणानं गेला. एका गुणाइतकी अचूकता समीक्षेत नसतेच. कुठलाही प्रामाणिक समीक्षक हे मान्य करील.

अशा कराराचा बनवणाऱ्यांच्या मनावर काय परिणाम होतो याचाही विचार करायला हवा. समजा तुम्हाला सरासरी ८५ गाठायची आहे. एक वाट अशी की सगळ्यांनी साडेआठ म्हणावं. दुसरी वाट अशी की अर्ध्यांनी दहा म्हणावं आणि उरलेल्या अर्ध्यांनी चार. दुसऱ्या वाटेनं सरासरी सत्तर येते, बोनस जातो, कदाचित पुढचा प्रकल्पही जातो. म्हणून गाडी चपळ होते, नकाशावर प्रत्येक ठिकाणी खूण उमटते, पात्र काही बोलायच्या आत पुढच्या कामाचा बाण दिसतो. कुणालाच खटकू नये अशी काळजी घेतलेल्या गेमवर जीव जडणं अवघड असतं. आज मोठ्या बजेटचे इतके गेम एकमेकांसारखे दिसतात याची कारणं अनेक आहेत. वाढलेला खर्च हे पहिलं, पण गुणांची भीती त्या खर्चाच्या हातात हात घालून चालते.

‘पॅथॉलॉजिक’चं उदाहरण याहून टोकाचं आहे. मॉस्कोच्या आइस-पिक लॉज या चमूनं तो २००५ मध्ये बनवला. स्टेप प्रदेशातल्या एका गावात प्लेग पसरतो. तीन वैद्य, प्रत्येकाकडे बारा दिवस. घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही. अन्न महाग होत जातं, औषध मिळत नाही, कुणाकडे वेळेत पोहोचलो नाही तर तो माणूस मरतो आणि गोष्ट त्याच्याशिवाय पुढे जाते. गावात चालायचं म्हणजे खरोखर चालायचं, हळू, मैलोन् मैल. पहिलं इंग्रजी भाषांतर इतकं वाईट होतं की अर्धी वाक्यं लागतच नसत. गेम म्हणून तो छळ आहे, असं लिहिलं गेलं, आणि ते बरोबर आहे. साथीच्या गावात डॉक्टर होणं सुखाचं असेलच कसं? २०१९ मध्ये ‘पॅथॉलॉजिक २’ आला, तोही असाच कठोर. तक्रारींनंतर त्यांनी अडचणीची पातळी कमी-जास्त करण्याची सोय दिली. ती सोय दिली हे चांगलंच केलं, ज्याला हवी त्यानं वापरावी. पण मी ती वापरली नाही. दोन उपाशी मुलं, एक भाकरी आणि माझी स्वतःची भूक, यातून निवड करताना हात थांबला, आणि तो थांबावा म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. लॉकडाऊनच्या काळात मला या गेमची आठवण वारंवार आली. ‘मजा आली’ हे शब्द त्याला लागू पडत नाहीत. तरीही तो मी खेळलेल्या सर्वांत मोलाच्या गेमपैकी एक आहे.

स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेम विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मिळतात. ग्राहकासाठी हा नियम उत्तम आहे आणि तो राहायलाच हवा. पण पॅथॉलॉजिक दोन तासांत कळत नाही. दोन तासांत फक्त त्याचा त्रास कळतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. प्लेस्टेशन ५ चा मोठा गेम आपल्याकडे पाच हजार रुपयांच्या आसपास मिळतो. नाशिकचा किंवा लातूरचा कॉलेजमधला मुलगा वर्षात असा एखादाच गेम घेऊ शकतो. त्याला ‘सरासरीवर जाऊ नकोस, दहापैकी दोनवाला घेऊन बघ, कदाचित जीव जडेल’ असं सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. त्याला आकडा हवा, आणि आकडा त्याच्या पैशांचं रक्षण करतो. मान्य. गुण देणं बंद करा असं मी म्हणतच नाही. डेडली प्रेमोनिशन बाजारात वीस डॉलरला आला होता, साठला नाही, आणि या फरकामुळे कितीतरी लोकांनी त्याला संधी दिली. किंमत बेताची असेल तर खेळाडू धाडस करतो. म्हणून अशा गेमचं समीक्षण लिहिताना किंमत आणि स्वभाव या दोन गोष्टी आकड्याच्या आधी यायला हव्यात. ‘तुम्हाला लांबचा, संथ प्रवास आवडत असेल तर घ्या, गोळीबारासाठी घेत असाल तर घेऊ नका’ या एका वाक्यानं त्या मुलाचे पैसे जितके वाचतील तितके ‘६८’ या आकड्यानं वाचणार नाहीत.

मोडका गेम आणि न आवडलेला गेम यांतही गल्लत होऊ देऊ नये. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो धड चालत नव्हता. सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. तिथे लोकांचा राग ग्राहकाचा होता आणि रास्त होता. जे विकलं ते दिलं नाही, तर रुचीचा प्रश्न येतच नाही. आवडीच्या नावाखाली अर्धवट माल खपवणाऱ्या कंपनीची वकिली मला करायची नाही.

मात्र ‘नो मॅन्स स्काय’ या दोन्हींच्या मधोमध सापडतो. ऑगस्ट २०१६ मध्ये हॅलो गेम्स या इंग्लंडमधल्या लहान चमूनं तो आणला. गणितानं घडवलेले अठरा क्विंटिलियन, म्हणजे अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह. जे कबूल केलं होतं त्यातलं बरंच त्यात नव्हतं. दुसरा खेळाडू समोर असूनही दिसत नव्हता. संताप उसळला. पुढची कित्येक वर्षं त्यांनी फुकट अपडेट देऊन गेम भरत नेला, आणि आज त्याच्याकडे चूक सुधारल्याचं आदर्श उदाहरण म्हणून बघतात. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांना न्याय मिळाला, यात वाद नाही. पण मला पहिला रिकामा गेम आवडला होता. एका ग्रहावर उतरायचं, तिथे कुणी नाही, काही काम नाही, विचित्र रंगाचं गवत आणि वारा. एखाद्या प्राण्याला नाव द्यायचं आणि निघायचं. या नावाचं पुढे काय होणार हे माहीत नसताना ते द्यायचं. आता तिथे तळ बांधता येतात, ताफे सांभाळता येतात, मित्र बोलावता येतात, सतत काही ना काही खुणावत असतं. तो एकांत हा दोष होता असं सर्वानुमते ठरलं आणि तो दुरुस्त झाला. इंटरनेटवरून अपडेट होणाऱ्या गेमची जुनी आवृत्ती सहसा मागे उरत नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर पहिली निदान रद्दीवाल्याकडे सापडते. बहुमतानं दुरुस्त केलेला गेम ज्याला दुरुस्तीआधी आवडत होता, त्याच्या हातून तो कायमचा जातो, आणि याची दखल कुणी घेत नाही.

वाईट गेमवर हसण्याचा जो धंदा चालतो त्याच्याशी माझ्या म्हणण्याची सांगड कुणी घालू नये. नावडता गेम लावायचा, कॅमेऱ्यासमोर ओरडायचं, प्रेक्षक खिदळतात. या हसण्याचं आद्य लक्ष्य म्हणजे अटारी २६०० या जुन्या गेमयंत्रावरचा, त्याच नावाच्या सिनेमावर बेतलेला ‘ई.टी.’. १९८२ च्या नाताळात तो दुकानात हवा होता म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरकडून तो सुमारे पाच आठवड्यांत करून घेतला गेला. गेमची न खपलेली कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरली गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये उकरून काढली गेली. जगातला सर्वांत वाईट गेम, अशी त्याची ख्याती आहे. तो पुस्तिका वाचून खेळला तर समजतो. खड्ड्यांत पडणं जाचक आहे, पण त्या खड्ड्यांतच टेलिफोनचे तुकडे शोधायचे असतात, आणि पडद्यावर उमटणारी चिन्हं काय सांगतात हे एकदा कळलं की गेमला अर्थ येतो. त्या काळात एका माणसानं घरी परतण्याची गोष्ट खेळाच्या रूपात मांडायचा प्रयत्न केला होता. तीस-चाळीस वर्षं हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पुस्तिका उघडली असावी. आवडणं आणि खिल्ली उडवणं यांत फरक हाच आहे: आवडणारा पुस्तिका उघडतो.

हे सगळं जपानचं, रशियाचं, अमेरिकेचं झालं. आपल्या दारातलं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या चमूनं बनवलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला होता, तो अपुरा पडला. तरी गेम पुरा झाला आणि द गेम अवॉर्ड्स या वार्षिक पुरस्कारांत सर्वोत्तम पदार्पणाच्या गेमच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळालं. समीक्षा संमिश्र आली. लढाई साचेबद्ध आहे, गेम लवकर संपतो, उड्या मारताना हात अडखळतो. खेळून पाहिलं, आणि यातलं बरंचसं खरंच आहे. पण गोलू या भावाला शोधत निघालेली राजी जेव्हा एखाद्या भिंतीपाशी थांबते आणि तिथल्या चित्रांवरून दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलू लागतात, तेव्हा परदेशी समीक्षक तिथे देखावा पाहतो आणि मी तिथे ओळखीची भाषा ऐकतो. या देवतांची गोष्ट त्याला समजावून सांगावी लागते, मला नाही. म्हणून तो गती मंदावल्याची तक्रार करतो आणि मी तिथेच रेंगाळतो. आमच्यापैकी कुणीही चूक नाही. पण जगभरच्या समीक्षणांच्या सरासरीत माझ्यासारख्याचं वजन जवळजवळ शून्य आहे, कारण गेमवर मराठीत गंभीरपणे लिहिलेलं जवळपास सापडतच नाही. ‘आपल्या लोकांनी केलाय, म्हणून चांगला म्हणा’ असलं कौतुक मला अभिप्रेत नाही. त्यानं त्या चमूचा अपमानच होतो. लढाई फसली तर फसली असं लिहावं, आणि भिंतीपाशी काय झालं तेही तितक्याच तपशिलानं लिहावं.

असं लिहून काय होतं? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा रीतसर विकत मिळत नव्हते. जे पुन्हा बाजारात येतात ते आधीच गाजलेले असतात. पिवळ्या आणि लाल आकड्यांच्या गेमना दुसरा जन्म मिळतो तो केवळ कुणीतरी त्यांच्याबद्दल बोलत राहिलं म्हणून.

‘नीर’चं तसंच झालं. दिग्दर्शक योको तारो यांचा हा गेम २०१० मध्ये आला आणि मेटाक्रिटिकवर सत्तरीच्या आतच अडकला. सुरुवातीलाच मासे पकडायचं एक काम आहे, त्यात अडकून एका समीक्षकानं गेम सोडून दिला आणि तसं लिहिलंही. त्याच वर्षी तो बनवणारी काव्हिया ही कंपनी बंद झाली. पण ज्यांनी तो शेवटपर्यंत खेळला, ज्यांनी गेमच्या अनेक शेवटांपैकी अखेरच्या शेवटात एका पात्राला वाचवण्यासाठी स्वतःची सगळी सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पुसू दिली, ते गप्प बसले नाहीत. सात वर्षं ते लिहीत राहिले, एकमेकांना तो खेळायला लावत राहिले. २०१७ मध्ये ‘नीर: ऑटोमाटा’ आला आणि लाखोंनी खपला. मग २०२१ मध्ये स्क्वेअर एनिक्स या प्रकाशक कंपनीनं पहिला गेम नव्यानं बांधून पुन्हा आणला. लढाई सुधारली, आवाज नव्यानं ध्वनिमुद्रित केले, एक भाग आणि एक शेवट जोडला. मासेमारी काढून टाकली नाही.